एक रेघ आणि सही

सिस्टर माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही की नाव सांगितलं नाही. आधी मला हात धुवायला लावले. काखेतलं हिरव्या कापडाचं गाठोडं टेबलावर ठेवायच्या बेतात होत्या, तेवढ्यात माझ्या बोटांना लागलेला वडापाव त्यांना दिसला.

"जा, साबण लावून ये. वह्या हायत ह्या."

बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दहाव्या-तेराव्याची कार्डं, निवडणुकीची पत्रकं हा माझा धंदा. गिऱ्हाइकाच्या हुकमावरून हात धुण्याची सवय नव्हती. तरी मी मुकाट्यानं उठलो. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेल्या बाईच्या आवाजात काहीतरी असतं, आपण उठतोच. परत आलो तर गाठोडं सुटलेलं होतं आणि दोनशे पानी सात वह्या ओळीनं मांडल्या होत्या. वरच्या वहीवर लिहिलं होतं, 'किसनी'. खाली 'ऐतिहासिक कादंबरी'. त्याच्या खाली तारीख, वेळ आणि सही.

त्यांचं खरं नाव फुलाबाई. पण त्यांना त्या नावानं हाक मारणारा एकच माणूस होता, काटेवाडीत राहणारे त्यांचे थोरले भाऊ तात्या. त्या राहत त्या इंदापुरात बाकी सगळ्यांना त्या सिस्टर. घड्याळ पुरुषी, सेकंदकाट्याचं, आणि त्याची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. 'कसा आहेस' असं त्या कधी विचारत नसत. समोर बसल्या की सरळ आपलं मनगट धरायचं, घड्याळाकडे बघायचं आणि आकडा सांगायचा. मग आपली तब्येत आपल्यालाच कळायची. खुशीत असल्या की मी 'दिलीप'. रागावल्या की 'दिलीपराव'. मला मिळालेला सगळा आदर मी असा शिव्यांच्या जागी मिळवलेला आहे.

पहिल्याच प्रुफाच्या वेळी दिलीपराव झालो. टाइप करताना एक वाक्य दोनदा पडलं होतं, ते मी काळ्या मार्करनं गिचमिड करून बुजवलं. त्यांनी कागद उजेडाकडे धरला, खालचं वाचायचा प्रयत्न केला आणि तो माझ्यासमोर ठेवला.

"दिलीपराव, ही कुटली रीत?"

"चुकून दोनदा पडलं होतं."

"चुकलं तर चुकलं. केसपेपरवर खाडाखोड चालत न्हाय. एक रेघ मारायची. खालचं वाचता आलं पायजे. शेजारी सही आन् टाइम. उद्या कुणी इचारलं, आधी काय लिवलं हुतं, तर दाखवता आलं पायजे." मग घड्याळाशी चाळा करत म्हणाल्या, "चुकीनं माणूस क्वचित मरतंय. लपवलेल्या चुकीनं मरतंय. म्या बघितलंय."

त्यांचं प्रत्येक प्रूफ तसंच यायचं. 'हसली' या शब्दावर एक सरळ रेघ, वर 'गप बसली', शेजारी 'दु. २.१०' आणि सही. लाल पेन कधीच नाही. लाल शाई म्हणजे पेशंटला औषध सोसत नाही याची खूण, असं त्यांचं म्हणणं.

कादंबरी मात्र मला वेड लावणारी निघाली. खोटं कशाला सांगू, मी टाइप करता करता पुढचं पान आधी वाचायचो. पेशवाईच्या उतरत्या काळातली गोष्ट. कृष्णाऊ नावाची सरदारघराण्यातली तरुण विधवा. जहागिरीसाठी दीर जिवावर उठतो, आणि ती नेसत्या लुगड्यानिशी निसटून धनगरांच्या मेंढ्यांच्या तळावर आसरा घेते. कृष्णाऊची किसनी होते. अंगावर घोंगडी, कपाळावर भंडारा, पायात काही नाही. दिराचे स्वार नीरेपासून भीमेपर्यंत तिला हुडकत फिरतात आणि तळ रोज हलत राहतो. त्याच तळावर सिदू नावाचा मेंढका आहे. पुढचं सांगायला नको.

सोंग घेतलेल्या राण्या मी पूर्वीही वाचल्या होत्या. त्या गोऱ्या रंगावरून नाहीतर हातातल्या अंगठीवरून ओळखू येतात. सिस्टरांच्या किसनीला तळावरच्या म्हातारीनं वेगळ्याच गोष्टीवरून ओळखलं. म्हातारी म्हणाली, पाणी दे गं. आणि किसनीनं मागं वळून बघितलं. पाणी कोण आणतंय ते बघायला. जन्मभर हुकूम खाली सोडायची सवय, मान आपोआप वळली. म्हातारीनं ते कुणाला सांगितलं नाही. फक्त त्या दिवसापासून दिवसातून दहा वेळा पाणी मागायला लागली, त्या मानेची सवय मोडेपर्यंत.

"हे कुठून सुचलं?" मी विचारलं.

"वार्डात बघितलंय. खाटंवर पडलेला माणूस बघायचा न्हाय. त्याच्या उशाला बसलेला पाणी म्हणलं की कुणीकडं बघतोय ते बघायचं. त्यावरनं घर कळतंय."

दर गुरुवारी दुपारी इंदापुरात त्यांच्या ओट्यावर वाचन चालायचं. लोणी देवकरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आणि गुरुवारी सुट्टी असणाऱ्या बाया यायच्या. आळीतल्या चार म्हाताऱ्या असायच्याच. मी दोन-तीनदा प्रुफं घेऊन गेलो होतो. सिस्टर चष्मा नाकावर ओढून केसपेपर वाचावा तशा सपाट आवाजात वाचत आणि बाया रडत. पाण्याचा प्रसंग तर त्यांना इतका आवडला होता, की कुणी पाणी मागितलं आणि दुसरी जरा रेंगाळली की बाकीच्या ओरडायच्या, "बघ बघ, मागं बघ किसने!"

तपासनीस मात्र एकच, काटेवाडीचे तात्या. सिस्टरांचे आईवडील मेंढरं राखत. तात्यांनीही मिसरूड फुटेपर्यंत तळाबरोबर पायपीट केली, मग पाणी आलं, शेती झाली, मेंढरं गेली. त्यांना वाचता येत नव्हतं. सिस्टर एकेक प्रकरण त्यांना गोठ्यात म्हशीशेजारी बसून वाचून दाखवत. एकदा माझ्यासमोरच झालं. प्रकरण मोठं झोकदार होतं. स्वार येतात आणि किसनी तळावरच्या घोड्यावर उडी मारून पसार होते.

तात्या हसायलाच लागले. "फुले, त्या घोड्यावर बाई कुटली बसती? बिऱ्हाड लादलेलं आसतंय. वर कोंबड्या, कोकरं, तान्ही पोरं. बाई म्होरं कासरा धरून चालती. आई कवा बसली हुती का?"

"न्हाय बसली," सिस्टर म्हणाल्या. बावीस पानांच्या प्रकरणावर त्यांनी पानागणिक एकेक रेघ मारली. खाली सही, वेळ. ती पानं मी टाइप केलेली होती.

त्याच दिवशी निघताना तात्यांनी विचारलं, "आन् शेवटाला त्यो सिदू कोण निघतोय?"

"कोण निघायचा? मेंढका."

"न्हाय, म्हणलं तमाशात, शिनेमात बघितलंय. शेवटाला त्यो राजाचा पोरगा निघतोय. मंग लगीन हुतंय." म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत ते म्हणाले, "आमच्यातला माणूस आमच्यातलाच ठेवून कुणी त्याला पसंत केला, आसं कवा ऐकलं न्हाय."

"तात्या, सिदू मेंढका हाय आन् मेंढकाच ऱ्हाईल. हा माझा शब्द."

ती कादंबरी कशासाठी लिहिली जात होती ते मला त्या गोठ्यात कळलं. आणि तरीही मी जे केलं ते केलं.

गुरुवारच्या बायांकडून गोष्ट गावात गेली आणि गावातून वरच्या मंडळींपर्यंत. तालुक्यातलं एक जुनं घराणं. नाव सांगत नाही, वरची मंडळी एवढंच म्हणतो. त्यांच्या घराण्यातही कोणे एके काळी एक बाई वर्षभर दिसेनाशी झाली होती म्हणे. घरातली आठवण अशी की ती काशीला गेली होती. आता कुणीतरी मेंढरांच्या तळावरची कथा लिहितंय म्हटल्यावर त्यांना ती आपलीच वाटली.

एका सकाळी त्यांचे वकील दोन माणसांना घेऊन माझ्या दुकानात आले. आवाज चढला नाही. चहा घेतला. माझ्या कामाची तारीफ केली. मग वकीलसाहेब म्हणाले, "पुस्तक थांबवा असं आम्ही म्हणत नाही. बाईसाहेबांनी तळावर आसरा घेतला, हरकत नाही. शौर्यच आहे ते. फक्त तो मुलगा. तो कुणी सरदारपुत्र निघू द्या वेष पालटलेला. चार ओळींचा प्रश्न आहे." उठताना दुकानातल्या फोटोकडे बघून म्हणाले, "कन्या का? आमच्याच कॉलेजात दिसते. छान."

त्या 'छान'नं माझी झोप गेली.

सिस्टरांना मी सांगितलं. कन्येचं सोडून सगळं सांगितलं. त्या दुसऱ्याच दिवशी एकट्या वकिलांकडे गेल्या. तिथं काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. त्या म्हणाल्या, ही बाई माझ्या मनातली आहे, तुमच्या घरातली नाही. वकील म्हणाले, मग आमच्या घरातल्यांना ती का लागावी? "म्या म्हणलं, लागतंय कुटं ते डॉक्टरला दाखवा, नर्सला न्हाय." आणि त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

छपाईला फाईल पाठवायच्या आदल्या दुपारी मी शेवटचं पान उघडलं. भीमेच्या काठावर पालखी आली आहे. दीर मेला आहे, बाईसाहेबांना सन्मानानं परत न्यायला कारभारी आलेत. ते सिदूला विचारतात, तू कोण? सिस्टरांनी लिहिलं होतं: "'मेंढका,' सिदू म्हणाला. 'बापबी मेंढका.' कृष्णाऊनं घोंगडी खांद्यावर ओढून घेतली आणि पालखीकडे पाठ केली."

मी ते काढलं. रेघ मारून नव्हे. कॉम्प्युटरवर रेघ लागत नाही. एक बटण दाबलं की आधी काय होतं त्याचा मागमूस राहत नाही. त्या जागी मी लिहिलं, की सिदूनं पागोट्यातून मुद्रेची अंगठी काढली आणि तो म्हणाला, 'आम्ही सरदारांचे धाकटे चिरंजीव.' पुढे पालखीत दोघं. भिकार चार ओळी, पण पोरीचा फोटो समोर होता. पुस्तक निघेल, शेवटपर्यंत वाचतंय कोण, असं मी स्वतःला समजावलं आणि वकिलांना फोनवर बदल कळवून टाकला.

संध्याकाळी सिस्टर फाईल गेली का विचारायला आल्या. खुर्चीत बसल्या आणि सवयीनं त्यांनी माझं मनगट धरलं. घड्याळाकडे बघत राहिल्या. एरवी अर्ध्या मिनिटात सोडत. त्या दिवशी सोडेनात.

"एकशेबारा. काय झालं रं?"

"आत्ताच जिना चढून आलोय."

दुकान तळमजल्यावर आहे. त्यांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, आता पुन्हा विचारतील आणि मी सांगून टाकीन. सांगून टाकायची मला इतकी इच्छा होती, की त्यांनी आणखी एक शब्द काढला असता तरी पुरे होता. पण त्यांनी मनगट सोडलं. "मीठ कमी खा," म्हणाल्या आणि इंदापूरची गाडी पकडायला गेल्या.

प्रकाशनाला इंदापुरातला छोटा हॉल घेतला होता. पुस्तकं मी थेट छापखान्यातून हॉलवर आणली, त्यांना आधी प्रत मिळू दिली नाही. गठ्ठे उशिरा आले असं सांगितलं. पुढच्या दोन रांगांत वरची मंडळी, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, प्रसन्न. वकीलसाहेबांनी मला लांबूनच हात केला. मागं गुरुवारच्या बाया. भिंतीशी तात्या, नवं पागोटं बांधून. मी माइकच्या वायरीशी उगाच खुडबुड करत होतो, कारण मला कुठंच बसवत नव्हतं.

हार झाले, भाषणं झाली. वकीलसाहेब म्हणाले, "लेखिकेनं शेवटचं पान वाचून दाखवावं, अशी आमच्या मंडळींची खास इच्छा आहे."

सिस्टर उठल्या. चष्मा नाकावर ओढला, पान काढलं आणि त्याच सपाट आवाजात वाचायला लागल्या. पालखी आली. कारभारी उतरले. तू कोण, असं विचारलं. "सिदूनं पागोट्यातून..."

आणि थांबल्या.

त्यांची नजर त्या चार ओळींवरून खाली गेली, परत वर आली, परत खाली गेली. मी त्यांच्या डाव्या हाताला चार पावलांवर होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी तात्यांकडे बघितलं. तात्या पुढं झुकून, ओठ उघडे टाकून ऐकत होते. त्यांना वाचता येत नव्हतं. बहीण वाचेल ते त्यांच्यासाठी पुस्तक. त्या वेळी जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला खरोखर वाटलं.

सिस्टरांचा घसा कोरडा पडला असावा. त्या माइकमध्ये म्हणाल्या, "पाणी."

पुढच्या दोन रांगांमधली सगळी पांढरी मंडळी एकदम मागं वळली. पाणी कोण आणतंय ते बघायला. वकीलसाहेबसुद्धा.

मागच्या बायांमधून एक खुदकन हसली. मग दुसरी. मग कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "मागं बघ किसने!" आणि अख्खा मागचा हॉल हसायला लागला. पुढच्यांना कळेना काय झालं. ती सगळी वळलेल्या मानेनंच त्या हसणाऱ्या बायांकडे बघत राहिली, आणि जितकी बघत राहिली तितकं हसू वाढत गेलं.

तात्या उठले. दाराशी ठेवलेल्या पिंपातून तांब्या भरला, सावकाश चालत आले आणि बहिणीच्या हातात दिला. त्या वरून पाणी प्यायल्या. तांब्या तात्यांच्या हातात परत दिला. पुस्तक मिटलं.

"हितं छापलंय त्यात चूक हाय," त्या म्हणाल्या. "बरोबर काय ते सांगते." मग समोर काही न धरता म्हणाल्या, "'मेंढका,' सिदू म्हणाला. 'बापबी मेंढका.' कृष्णाऊनं घोंगडी खांद्यावर ओढून घेतली आणि पालखीकडे पाठ केली. संपलं."

पुढच्या रांगेतले दोघे ताडकन उभे राहिले. एकानं खुर्ची पायानं ढकलली. बायांचं हसणं थांबलं, पण एकही बाई जागची हलली नाही, आणि तात्या बहिणीशेजारी नुसते उभे राहिले, हातात रिकामा तांब्या. वकीलसाहेबांनी त्या दोघांच्या खांद्याला धरलं, कानात काहीतरी सांगितलं आणि सगळी मंडळी रांगेनं बाहेर पडली. बस, एवढंच. ज्याच्यापायी मी महिनाभर झोपलो नव्हतो ते एवढंच निघालं. पुढं कुणीतरी माझ्या दुकानाची पाटी वाकवली. पोरीच्या वाटेला कुणी गेलं नाही.

सिस्टर त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "दिलीपराव, हुतील तेवढी पुस्तकं घ्या आन् इंदापूरला या. पेन आणा. निळं."

मी माफी मागायची तयारी करून गेलो होतो. टेंपोत सगळं पाठ केलं होतं, पोरीचा फोटो, वकिलांचं 'छान', सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "पोरीचं मला आधी सांगायचं. नाडी बोलत हुती, तू न्हाय बोललास."

"सिस्टर, ती पानं फाडून नवी बसवतो. माझ्या पदरचं काम. कुणाला कळणार पण नाही."

"त्येच नको हाय मला."

ओट्यावर तीनशे पुस्तकं मांडली होती. त्यांनी पहिलं उघडलं, शेवटचं पान काढलं, माझ्या चार ओळींवर पट्टी ठेवून एक रेघ मारली. खालचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. समासात स्वतःच्या हातानं खऱ्या ओळी लिहिल्या. वेळ टाकली, स. ९.४०. आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"सही."

"माझी?"

"चूक कुणाची?"

दोन दिवस लागले. त्या रेघ मारायच्या, मी सही करायचो. मध्येच त्या म्हणाल्या, "पाणी दे रं," आणि मी सरळ उठलो. त्यांनी तिरक्या नजरेनं माझी मान बघितल्याचं मला कळलं. तीनशेवं पुस्तक मिटल्यावर त्यांनी मनगट धरलं. आकडा सांगितला नाही, नुसतं "हूं" म्हणाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मला दोन दिवस उशिरा कळलं. मधे भेट झालीच नव्हती, म्हणून माझ्यापाशी त्यांची शेवटची आठवण आहे ती सह्या संपल्या त्या दिवशीचीच. मी पिशवी घेऊन निघालो होतो, गल्लीच्या वळणावर चप्पल सुटली म्हणून थांबलो. ओट्यावर लोणी देवकरची एक बाई येऊन बसली होती, कारखान्याचा निळा कोट अजून अंगातच. सिस्टरांनी तिला पुस्तक दिलं होतं आणि ती शेवटचं पान उघडून माझ्या सहीवर बोट ठेवून विचारत होती, ही कुणाची म्हणून.

"ह्यो बारामतीचा दिलीप," सिस्टर सांगत होत्या. "भ्याला हुता. पण सही केली बग त्येनं. तीनशे जागी."